खुरप्याची सेवा

(आषाढी वारीत दिंडीच्या मुक्कामी झालेले कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून.)



सज्जनहो, माय-बापहो, आजच्या सेवेसाठी श्रीसंत सावता महाराजांचा अभंग घेतला आहे. टाळकऱ्यांनी तो गोड म्हटला, तुम्ही मागून साथ दिलीत. चरण अजून कानात आहेत, म्हणून पुन्हा म्हणत नाही. भाव तेवढा सांगतो. महाराज म्हणतात, देवासाठी मला मळा सोडून कुठं जावं लागलं नाही. वाफ्यात जे जे उभं आहे, त्यात माझा पांडुरंगच उभा आहे.

आता इथं एक शंका येते. शंका घेतल्याशिवाय निरूपण पुढं सरकत नाही. मळ्यात काय फक्त भाजीच उगवते का हो? शेतकरी मंडळी समोर बसली आहेत, सांगा. लावलेलं उगवेल की नाही याचा भरवसा नसतो. बी महागाचं, खत महागाचं, पाऊस आपल्या हातातला नाही. पण न लावलेलं? ते उगवतंच! त्याचं बी विकत आणावं लागत नाही, त्याला पाणी द्यावं लागत नाही, त्याच्यासाठी कुणी नवस बोलत नाही. त्याचं नाव तण.

मग पुढची शंका. सगळ्यात देव आहे, तर तणातही आहे. मग सावता महाराज तण उपटत होते की नव्हते? उपटत होते, महाराज! रोज उपटत होते. माळी आहेत ते, हातात खुरपं आहे. तणाचा द्वेष नाही. पण ज्या वाफ्यात तण माजलं, तिथं मेथीला, कोथिंबिरीला उभं राहायला जागा उरत नाही. देव भाजीच्या रूपानं आला तरी उभा कुठं राहणार? म्हणून तण काढणं ही देवाला जागा करून देण्याची सेवा आहे.

बोला, विठ्ठल विठ्ठल!

या कामाला आपल्या भाषेत नावं किती आहेत बघा. आमच्या बाजूला खुरपणी म्हणतात. सातारा-सांगलीकडे भांगलण. विदर्भात, खानदेशात निंदण, निंदणी. आता हा निंदणं शब्द घ्या. शेत निंदायचं म्हणजे तण काढायचं. आणि माणूस निंदायचा म्हणजे? ते काही सांगायला नको, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. (हशा) शब्द एकच. एकानं रान स्वच्छ होतं, दुसऱ्यानं मन घाण होतं. आणि आपलं झालंय उलटं. शेत निंदायला रोज देऊनही बाया मिळत नाहीत. माणूस निंदायला फुकट मंडळी मिळतात, तीही पारावर, सावलीत!

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी या शरीरालाच क्षेत्र म्हटलं आहे. क्षेत्र म्हणजे शेत. माउलींनी त्या शेताचा विस्तार ज्ञानेश्वरीत केला आहे. शेत म्हटलं की पीक आलं, आणि पीक आलं की तणही आलं. एक शेत बाहेरचं, एक आतलं. दोन्हीकडं खुरपं एकाच रीतीनं चालतं. ती रीत आज बघू.

आपण ज्या पटांगणात बसलो आहोत, ते पंधरा दिवसांपूर्वी गाजरगवतानं भरलेलं होतं. गावकऱ्यांनी मला सांगितलं. पालखी येणार, वारकरी उतरणार, माणसं झोपणार कुठं? मग तरुण मंडळाची पोरं, बचत गटाच्या बायका आणि शाळेतली मुलं दोन रविवार खपली. ती मुलं ही काय पुढं बसली आहेत. बाळांनो, उभे राहा. लाजू नका. वारकऱ्यांनो, तुमच्या पाठीखालची जमीन यांनी मोकळी केली आहे. एकदा टाळी होऊ द्या.

(टाळ्या. ज्ञानोबा-तुकारामांचा गजर.)

बसा बाळांनो. आता हे गवत कोण, कुठलं, ते ऐका. याला कुणी गाजरगवत म्हणतं, कारण पान गाजराच्या पानासारखं कातरलेलं. कुणी काँग्रेस गवत म्हणतं. कुणी चटकचांदणी म्हणतं. पांढरी बारीक फुलं, लांबून चांदणं सांडल्यासारखी दिसतात. नाव गोड, गुण तिखट. हे आपल्या मातीतलं नाही. मूळचं मेक्सिको आणि त्या बाजूच्या अमेरिकेतलं. आपल्याकडं त्याची ठळक नोंद झाली ती 1955-56 च्या सुमारास, आणि तीही आपल्या पुण्यात. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं जाणकार सांगतात. म्हणजे ते चोरासारखं आलं नाही, धान्याबरोबर आलं! वाईट गोष्ट कधी एकटी येते का? ती पोटभरीच्या गोष्टीला धरूनच येते. पंगतीत बसते, मग घर बळकावते.

त्याच्या मुलखात ते गवत एवढं मातत नाही. तिथं त्याला खाणारे किडे आहेत, त्याला धरून ठेवणारी झाडं आहेत. इथं त्याला विचारणारं कुणी नव्हतं. गुरं तोंड लावत नाहीत; नाइलाजानं खाल्लं तर दुधाला कडवट चव येते. त्याच्या मुळांतून, पानांतून असा रस उतरतो की शेजारच्या दुसऱ्या रोपाला वाढू देत नाही. एक झाड दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बी टाकतं. बी एवढं बारीक की वाऱ्यावर जातं, पाण्यावर जातं, बैलाच्या खुराला आणि ट्रकच्या चाकाला चिकटून जातं. पडलं की मातीत काही वर्षं निजून राहू शकतं. पाऊस पडला की जागं होतं.

आणि माणसाला काय करतं? अंगाला खाज, कातडीला भेगा, शिंका, काहींना दमा. पहिल्या दिवशी काही होत नाही, म्हणून माणूस म्हणतो, मला काही होत नाही. पुन्हा पुन्हा हात लागला की एक दिवस कातडी उठते, आणि मग नुसत्या वाऱ्यानंसुद्धा उठते.

म्हणून मुलांनो, तुम्ही केलंत ते चांगलं केलंत, पण रीत पाळा. नुसत्या हातानं उपटायचं नाही. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाकातोंडावर रुमाल बांधा. ज्याला दम लागतो, ज्याचं अंग उठतं, त्यानं गवताला हात लावायचा नाही. त्यानं टाकळ्याचं बी गोळा करावं. ते का, ते पुढं सांगतो. फुलोऱ्यात आलेलं झाड मोठ्यांनी काढायचं, लहानांनी लहान रोपं काढायची. आणि काम झालं की हातपाय साबणानं धुवायचे. सेवा करायची म्हणून लेकरांचं कातडं पणाला लावायचं नाही. पोरं पुढं आणि मोठी माणसं बांधावर उभी राहून फोटो काढताहेत, असलं काम देवाला आवडत नाही. गवताचं बी काही फोटो बघून पळून जात नाही!

आता उपटायचं कधी? फुलं यायच्या आधी. आषाढात माती ओली असते, रोप कोवळं असतं, मूळ सहज निघतं. फुलं आल्यावर उपटायला गेलात तर उपटता उपटता तुम्हीच बी पेरता. वरून कापून उपयोग नाही. कापलं की खालून फुटतं. मुळासकट काढायचं. फुलाआधी काढलेलं गवत खड्ड्यात शेण-मातीचे थर देऊन कुजवलं की त्याचंच खत होतं. आणि मोकळी झालेली जागा रिकामी ठेवायची नाही. तिथं टाकळा फेकायचा. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो, तो टाकळा. हिवाळ्याच्या तोंडाला त्याच्या शेंगा वाळतात, तेव्हा बी गोळा करून ठेवायचं आणि पावसाच्या आधी पडीक जागेत फेकायचं. टाकळा दाट उठला की गाजरगवताला डोकं वर काढायला जागा मिळत नाही. आणि एक. त्या गवताच्या पानावर पांढुरका, तपकिरी रेघांचा बारीक भुंगा दिसला तर मारू नका. तो मेक्सिकन भुंगा. 1984 साली शास्त्रज्ञांनी तो मुद्दाम बंगळुरूला आणला. तो पावसाळ्यात या गवताची पानं खातो. तोही आपल्यातला एक सेवेकरी आहे, त्याला मानधनसुद्धा लागत नाही!

आता आतल्या शेताकडं वळा. रीत तीच. राग कोवळा असतो तेव्हा काढा, फुलोऱ्यात येऊ देऊ नका. वरून छाटू नका, मुळातून काढा. आणि काढलेली जागा रिकामी ठेवू नका, तिथं नाम पेरा. रिकामं मन म्हणजे पडीक गायरान. तिथं काय उगवेल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बोला, विठ्ठल विठ्ठल!

कुणी म्हणेल, महाराज, कीर्तनात गवत कशाला? अहो, कीर्तनात खराटा आणलाच होता की एका संतानं! गाडगेबाबा. 1876 साली अमरावतीकडं शेंडगावला जन्मले. गावात आले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचं, आणि रात्री त्याच गावात कीर्तन करून माणसांची मनं झाडायची. आधी अंगण, मग मन. बाबांनी देह ठेवला 1956 च्या डिसेंबरात. म्हणजे खराटा थांबला त्याच सुमारास हे गवत आपल्या मुलखात दिसू लागलं. योगायोग आहे, त्यात मी काही शास्त्र सांगत नाही. पण मनात येतं, बाबा असते तर खराट्याच्या जोडीला त्यांनी खुरपंही घेतलं असतं.

आता एक दृष्टांत सांगतो. घडलेला आहे. गावाचं नाव घेत नाही, माणसांची नावं घेत नाही. अजून नांदती माणसं आहेत.

दोन सख्खे भाऊ. बापाच्या माघारी शेताची वाटणी झाली आणि मधल्या बांधावरून भांडण लागलं. किती जागेसाठी? दीड हात! कोर्टात दावा लागला. दीड हात जागेवर मनाई आली. याचं खुरपं तिथं जायचं नाही, त्याचा नांगर तिथं जायचा नाही. मग त्या दीड हातावर राहिलं कोण? गाजरगवत! त्याला कोर्टाची नोटीस लागत नाही. कमरेएवढं वाढलं. फुललं. वारा पूर्वेकडून आला की धाकट्याच्या रानात बी, पश्चिमेकडून आला की थोरल्याच्या रानात बी. थोरला म्हणे, हे त्याचं गवत. धाकटा म्हणे, त्याचं. दोघंही आपापल्या रानात मजुरी देऊन निंदणी करताहेत, आणि मधला पट्टा दोघांचंही रान पेरतो आहे.

त्यांची आई होती. म्हातारी माउली. ती कुणाच्या बाजूची नव्हती. सहा महिने एकाकडं, सहा महिने दुसऱ्याकडं, आणि दोन्हीकडं खुरपायला जायची. जन्मभर त्याच कामात गेलेली, तिला बसवत नव्हतं. तिच्या हाताला खाज सुटली. मग भेगा पडल्या. मग मानेला, पापण्यांना सूज. डॉक्टर म्हणाले, हे त्या गवताचं आहे, रानात जाऊ नका. न जाऊन काय करणार? घर रानातच. वारा थांबतो का? हातांची अशी गत झाली की भाकरी थापता येईना. एकादशीला देवळात यायची, पण टाळ धरता येईना. मी विचारलं, आजी, टाळ का घेत नाही? तिनं हात पुढं केले. बोलली काही नाही. पोरांविरुद्ध एक शब्द नाही.

पुढं पावसाळ्यात त्या गावच्या शाळेनं आणि भजनी मंडळानं मिळून गवत काढायचं ठरवलं. रस्ता, ओढ्याचा काठ, देवळामागची जागा असं करत करत मुलं त्या बांधापाशी आली. गुरुजी म्हणाले, बाळांनो, इथं नको, इथं कज्जा आहे. मुलांत थोरल्याचा मुलगा होता, धाकट्याची मुलगी होती. चुलत भावंडं, पण एकमेकांशी बोलायची बंदी. ती मुलगी म्हणाली, "गुरुजी, कज्जा जागेचा आहे का गवताचा?"

काय उत्तर देणार? जागेचा कज्जा आहे. गवत कुणीच मागितलेलं नाही! कोर्टानं जागा घ्यायला मनाई केली, गवत काढायला नाही. गुरुजींनी सरपंचांना बोलावलं, सरपंचांनी दोघा भावांना निरोप दिला. दोघं येऊन आपापल्या बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले. आणि ती दोन लेकरं, हातात पिशव्या बांधून, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं उपटत मधे आली. मधे एक जुनं झाड होतं, खोड लाकडासारखं झालेलं. दोघांनी मिळून ओढलं तरी निघेना. मग थोरला पुढं झाला. त्याच्याही एकट्यानं निघेना, मुळाशी दगड होता. धाकटा थोडा वेळ बघत राहिला, आणि मग कुदळ घेऊन आला.

मंडळी, तुम्हाला वाटेल, आता दोघं गळ्यात पडले. नाही पडले. सिनेमा नाही हा. दावा अजून चालू आहे. पण त्या वर्षापासून आषाढात एक दिवस ठरला. त्या दिवशी दोन्ही घरची माणसं त्या बांधावर येतात, आणि कोवळं गवत मुळासकट निघतं. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, पण एकाच बांधावर वाकतात. कुदळ द्या, पाणी द्या, एवढं बोलतात. आणि त्या आजीचे हात? अगदी बरे झाले असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण सूज उतरली. पुढच्या कार्तिकीला तिनं टाळ धरला. जोरात नाही वाजवला, पण धरला. माय-बापहो, लेकरांनी गवत काढलं ते कुणासाठी? त्या हातांसाठी.

(विठ्ठल विठ्ठल गजर.)

आता आख्यान संतांचं. पंढरपुरापासून फार लांब नाही, सोलापूर जिल्ह्यातच, अरण गाव. तिथं सावता महाराज मळा राखतात. वारीला कधी गेले नाहीत, असं सांगतात. मळा सोडला तर मोटेचं पाणी कोण बघणार, तण कोण काढणार? कामातच पूजा. मग भक्त येत नाही, तर देवानं काय करावं? देव निघाला! संतमंडळींत कथा सांगतात ती अशी. देव कूर्मदासाच्या भेटीला निघाले, बरोबर ज्ञानोबाराय आणि नामदेवराय. वाटेत अरण लागलं. देव दोघांना मागं ठेवून एकटेच पळत मळ्यात आले आणि म्हणाले, "सावत्या, मला लपव. माझ्या मागं दोघं लागले आहेत."

त्रिभुवनाचा मालक म्हणतो, मला लपव! आता लपवणार कुठं? मळा उघडा, भाजी हातभर उंचीची. सावता महाराजांनी इकडं तिकडं बघितलं नाही. हातात खुरपं होतं, त्याच खुरप्यानं आपली छाती उघडली आणि देवाला आत ठेवलं. वरून घोंगडी पांघरली आणि पुन्हा तण काढायला बसले. नामदेवराय शोधत आले, रडू लागले, तेव्हा कुठं देव प्रकट झाला.

आता एक विचारतो. देव आत मावला कसा? आपण छाती उघडली तर देवाला आत जागा सापडेल का? आत काय काय दाटलं आहे! याचा दीड हात बांध, त्याची निंदा, कुणाचा मान, कुणाचा अपमान. देव आत डोकावून म्हणेल, बाबा, इथं तर गाजरगवत आहे, मला खाज सुटेल! (हशा) सावता महाराजांचं आतलं रान रोजचं निंदलेलं होतं. खुरपं मळ्यात चालत होतं, तेव्हाच ते आतही चालत होतं. म्हणून ऐनवेळी देव आला तेव्हा जागा तयार होती. आजही बघा, आषाढातच महाराजांची पुण्यतिथी येते, आणि विठुरायाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. सगळ्या संतांच्या पालख्या देवाकडं जातात. या माळ्याकडं देवाची पालखी येते.

तेव्हा वारकऱ्यांनो, मागणं एवढंच आहे. आळंदीहून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. आपली पावलं चालतात, आपले ट्रक चालतात. चाकाच्या चिखलात या गावचं बी त्या गावाला जातं. ज्या गावानं आपल्याला भाकरी दिली, त्या गावाला आपण गाजरगवत देऊन यायचं का? मुक्काम हलवताना चाकांचा चिखल तिथंच पाडा, धुऊन निघा. दिंडीतल्या चार जणांनी तंबूभोवतीची कोवळी रोपं मुळासकट काढा. जेवढी राहुटी, तेवढी जागा. एवढंच.

आणि गावोगावच्या मंडळींनो, तुम्ही अखंड हरिनाम सप्ताह करता. जबलपूरचं तणसंशोधनाचं सरकारी केंद्र दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट असा गाजरगवताचाही सप्ताह पाळतं. सात दिवसांचं व्रत दोन्हीकडं सारखंच! तुमच्या सप्ताहात काकड्यानंतर एक तास खुरप्याला द्या. एका वर्षात संपेल या आशेनं करू नका. बी मातीत निजलेलं आहे, पुढच्या पावसात पुन्हा उठेल. वारी आपण एकदा करून थांबतो का? दरवर्षी येतो ना? तसंच हे. हा नेम आहे, एका दिवसाचा उपक्रम नाही.

मुलांनो, उद्या सकाळी पालखी निघाली की हे पटांगण मोकळं होईल. तिथं पोत्यात टाकळ्याचं बी ठेवलं आहे, गुरुजींनी वर्षभर जपलेलं. पाऊस झालेला आहे, अजून वेळ गेलेली नाही. वारकरी निघायच्या आधी एकेक मूठ त्यांच्या हातात द्या. तुम्ही मोकळी केलेली जागा त्यांच्या हातून पेरून घ्या, आणि मगच त्यांना वाटेला लावा.

पुंडलीक वरदा हारि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!